मंदाच्या द्राक्षबागेतले गुलाब

मंदाला डोंबिवलीला घेऊन यायचं, असं ठरवूनच मी निघाले होते. हवापालट, द्राक्षबाग बघणं, चार दिवस बहिणीकडे राहणं, हे सगळं शेजारच्यांना सांगायला. खरी गोष्ट अशी की माझी धाकटी बहीण दोन वर्षांपासून दिंडोरीकडच्या एका खेड्यात एकटी राहते. मी चार वर्षांपासून डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत एकटी राहते. दोघींचे नवरे गेले, तिचा मुलगा पुण्याला, माझी मुलगी बंगळूरला. मग दोन बायकांनी दोन गावांत दोन वेगळे कुकर कशाला लावायचे, हे मला कळत नव्हतं.

मी ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. कागद लावून ठेवल्याशिवाय मला पुढचं पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे निघण्याआधीच आतल्या खोलीतलं कपाट अर्धं रिकामं केलं, दुसऱ्या पलंगाची गादी उन्हात टाकली. बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत माझे सहा गुलाब आहेत, त्यांना पाणी घालायचं काम समोरच्या बिऱ्हाडाकडे दिलं. या गुलाबांचा मला जरा गर्व आहे. त्यांच्या पानावर कधी डाग पडलाच, तर दुसऱ्या कोणाच्या नजरेस येण्याआधी मी त्याचा निकाल लावते.

आंबिवली आणि कल्याण

आदल्या दिवशी काही काम नसताना आंबिवलीला जाऊन आले. आम्ही मूळच्या कोकणातल्या, पण वाढलो तिथे. वडील तिथल्या एका कारखान्यात होते. आमची चाळ होती त्या जागी आता सात मजली इमारत आहे आणि खाली केकचं दुकान. लहानपणी मी आणि मंदा काळू नदीवर जायचो, ती वाट काही सापडेना. रिक्षावाल्याला विचारलं.

“नदीवर? तिकडे काय काम काढलं, मावशी? रील-बील बनवायचीय काय?”

मंदा नक्की विचारणार, म्हणून एक फोटो काढला. फोटोत नदी थोडी आणि माझं बोट जास्त आलं.

तिच्यासाठी काय न्यायचं, हा प्रश्न नव्हताच. लग्न होऊन देशावर गेल्यापासून तिला मासळी दुर्मीळ झाली. कल्याणच्या बाजारातून सोडे आणि सुके बोंबील घेतले, एकात एक अशा पाच पिशव्यांत बांधले आणि शुक्रवारी सकाळी नाशिकच्या एसटीत बसले. शहापूरच्या पुढे एका गृहस्थांनी खिडकी उघडली. मग त्यांच्या पुढच्यांनी उघडली. कंडक्टर मधोमध उभा राहून सगळ्या गाडीला उद्देशून म्हणाला, “कोणाची हाय ते मी विचारत नाही. पण पिशवी वर ठेवली असंल तर खाली घ्या.” इतरांबरोबर मीही इकडेतिकडे बघितलं. पुढे घाट लागला, गार वारा आत आला आणि प्रकरण मिटलं.

दिंडोरीच्या अलीकडचा फाटा, शुक्रवार

नाशिकला गाडी बदलून फाट्यावर उतरले, तर मंदा स्कूटी घेऊन उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नऊवारीच्या वयाला आलेली, साडीवर पुरुषी स्वेटर आणि डोक्याला मफलर. स्वेटर दत्तारावांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, हे मी लगेच ओळखलं. ते गेले तेव्हा मी एका दिवसासाठी येऊन गेले होते. त्या दिवशी गाव, शेत, डोंगर यांतलं काहीच डोळ्यांत शिरलं नव्हतं.

“ताई, बस. घट्ट धर, रस्ता खराब आहे,” ती म्हणाली. “केवढी वाळलीयेस गं.”

“ही साडीच अशी आहे,” मी म्हटलं.

डोंबिवलीत डिसेंबरातही माझा पंखा चालू असतो. इथे दुपारी चारला हात गारठले होते. वर सपाट माथ्याचे डोंगर, खाली काळी माती आणि नजर जाईल तिथवर द्राक्षांचे मांडव. मंदाची बाग दीड एकराची, घराला लागूनच. पण बागेत शिरण्याआधी मला दिसले ते गुलाब. वेलींच्या प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक झाड, लाल फुलांचं. आमच्या सोसायटीच्या गेटवर लग्नाच्या दिवशी जसे दोन्हीकडे पाहुणे उभे असतात, तसे ते ओळीने उभे होते. मला भरूनच आलं.

“किती छान लावलेत,” मी म्हटलं.

“हे लावून गेले,” मंदा म्हणाली. ती स्कूटी लावायला गेली. मी काही विचारलं नाही. नवऱ्याची हौस, तिची आठवण, असा मी माझा अर्थ लावला आणि तिथेच चुकले.

घरात शिरून पाच मिनिटं झाली नसतील, तोच शेजारची एक बाई मागच्या दाराने सरळ चुलीपाशी आली, माझ्याकडे बघून “ह्या का डोंबिवलीच्या?” म्हणाली, आणि बसली. मग आणखी दोघी आल्या. आमच्याकडे कोणाकडे जायचं तर आधी फोन करायचा, मग बेल, मग दाराच्या भिंगातून डोळा. इथे दार असतं ते जनावरं आत येऊ नयेत म्हणून. पहिल्या तासाला मी वैतागले. दुसऱ्या तासाला मी त्यातल्या एकीला माझ्या गुडघ्याचा पूर्ण इतिहास सांगत होते.

रात्रीच्या जेवणाला हुलग्याचे शेंगोळे होते. कुळथाच्या पिठाची कडबोळी, लसूण-मिरचीच्या रश्श्यात शिजवलेली. आम्ही कुळथाचं पिठलं करून त्यात कोकम टाकणाऱ्या. हे तिखटाचं प्रकरण मला दुसऱ्या घासाला नाकात गेलं. मंदाने मात्र ताटात दोन बोंबील भाजून घेतले होते. पहिला बोंबील तिने शेपटीसकट संपवला.

“आंबिवलीला गेलेलीस?” तिने विचारलं.

मी फोटो दाखवला. तिने तो मोठा करून, माझ्या बोटाच्या बाजूने डोकावून पाहिला. “पाणी आहे अजून,” एवढंच म्हणाली. मला तेव्हाच विषय काढायचा होता. पण अर्ज करायलाही वेळ बघावी लागते, हे मी नोकरीत शिकले आहे.

शनिवार

सकाळी मंदा उजाडताना चहाचा कप घेऊन बागेत फेरी मारते. ती गेली तेव्हा मी दोन गोधड्यांखाली होते. नंतर बागायतदारांची बैठक होती म्हणून ती दिंडोरीला गेली. जाताना दारात उभी राहून आभाळाकडे बघत राहिली. आभाळ आलं होतं. आमच्याकडे ढग आले तर आम्ही वाळत घातलेले कपडे काढतो. तिचा चेहरा मात्र परीक्षेला निघाल्यासारखा झाला होता.

दुपारी मी गुलाब बघायला गेले आणि माझा जीव हळहळला. आग्नेय कोपऱ्यातल्या सात-आठ झाडांच्या कोवळ्या पानांवर पांढरी पावडर धरली होती. भुरी. हा रोग मला तोंडपाठ आहे. मनात म्हटलं, घरचा माणूस गेला की असं होतं, एकटी बाई कुठे कुठे बघणार. दत्तारावांनी हौसेने लावलेली झाडं, आणि ही दशा.

मग काय, कात्री शोधली. रोगट पानं एकूण एक काढली. उरलेल्या पानांना खायचा सोडा आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घातलेलं पाणी लावून, फडक्याने एकेक पान पुसलं. दोन तास लागले. काढलेली पानं अंघोळीच्या बंबात टाकून जाळली, कारण ती उघड्यावर टाकू नयेत, हेही मला ठाऊक आहे. कंबर मोडली, पण झाडं नुकत्याच न्हालेल्या पोरींसारखी दिसत होती. मंदा अंधार पडता पडता परतली, दमलेली होती, बागेकडे गेली नाही. मीही काही बोलले नाही. सकाळी तिने स्वतः बघावं आणि मग कौतुक करावं, असा माझा बेत होता.

रविवार

त्या दिवशी मीही उजाडताना उठले. मंदाच्या मागोमाग कप घेऊन निघाले. ती प्रत्येक गुलाबापाशी थांबायची, वाकून शेंड्याची पानं उलटीसुलटी बघायची आणि पुढे जायची. फुलांकडे तिचं लक्षच नव्हतं. कोपऱ्यातल्या झाडांपाशी ती थांबली आणि थांबूनच राहिली.

“ताई, इथली पानं कुठे गेली?”

मी सगळं सांगितलं. सोडा, साबण, फडकं, बंब. अभिमानाने सांगितलं. मंदा बांधावर खाली बसली.

“कुठल्या झाडाला जास्त होती?”

“सगळ्यांनाच होती.”

“पानाच्या वर की खाली?”

“वर. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? पहिल्या ओळीला होती का सहाव्या? शेंड्याला का बुडाला?”

पस्तीस वर्षं मी साक्षीदारांच्या जबान्या ऐकल्या. गोंधळलेला साक्षीदार कसा दिसतो ते मला माहीत होतं. आतून त्याला कसं वाटतं, ते त्या सकाळी कळलं.

मग तिने सांगितलं, आणि ते न ओरडता सांगितलं हेच मला जास्त लागलं. दत्ताराव आधी वाइनच्या द्राक्षांच्या एका मोठ्या मळ्यावर देखरेखीला होते. तिथे परदेशातून एक सल्लागार आला होता. त्याच्या मुलुखात द्राक्षांच्या ओळीच्या तोंडाशी गुलाब लावायची जुनी चाल आहे. हवा बिघडली की गुलाबाला भुरी आधी धरते आणि द्राक्षाला मागून. गुलाब पांढरा दिसला की मळेवाल्याने समजायचं, हातात दोनचार दिवस आहेत. दत्तारावांनी ती चाल आपल्या दीड एकरात आणली. सुरुवातीला गाव हसलं. कोणी विचारलं, वऱ्हाड कधी येणार. पुढे त्याच गावातले लोक सकाळी कुंपणाशी येऊन विचारायला लागले, दत्तादादा, गुलाब काय म्हणतो.

“मग त्याच्यावर औषध मारत नाही तुम्ही?” मी विचारलं.

“आधी नाही. त्याने आजारी पडावं म्हणूनच लावलाय, ताई. वेलींवर फवारलं की मग त्याच्यावरही मारतो. काल सकाळी इथे काही नव्हतं. म्हणजे दिवसभरात आलं, आणि तेवढंच तू पुसलंस.”

तिने फोन करून सुनीताला बोलावलं. सुनीता शेजारच्या मळ्यातली सून, शेतकी शिकलेली, ट्रॅक्टर आणि फवारणीचं ब्लोअर स्वतः चालवते. तिने माझी हकिकत ऐकली आणि ओठ दाबून हसू आवरलं.

“मावशी, तसं म्हणाल तर गुलाबाची भुरी वेगळी अन् द्राक्षाची वेगळी,” ती म्हणाली. “याची त्याला लागत नाही. पण दोघींना हवा एकच मानवते. म्हणून काका गुलाबाला मानायचे. आता मोबाइलवर पण अंदाज येतोय, पण तो तालुक्याचा. गुलाब या कोपऱ्याचं सांगतो.”

आता ओळ कुठली, किती आत, हे वेलींनाच विचारायला हवं होतं. एक भिंग मंदाने घेतलं, एक मला दिलं. सुनीता पलीकडच्या बाजूने शिरली. मांडवाखाली मान वर करून, एकेक पान उलटून बघायचं. घडांचे मणी वाटाण्याएवढे झाले होते. भुरी एकदा त्यांच्यावर बसली की मणी तडकतात आणि वर्षभराचं काम वाया जातं, हे ऐकल्यावर माझ्या मानेचं दुखणं मी मनातच ठेवलं.

सकाळचे सात ते दुपारचे तीन. मी आणि मंदा शेजारशेजारच्या ओळींत, मध्ये पानांचा पडदा. आवाज तेवढा ऐकू यायचा. हळूहळू ती बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिची नाशिककडची भाषा गळून पडली.

“ताई, आठवतंय? तू मला नदीवर घेऊन गेलेलीस आणि मी पडलेली. गुडघा फुटलेला.”

“तू घसरलेलीस. मी धर म्हणत होते.”

“आणि तू माझं रक्त तुझ्या फ्रॉकने पुसलंस, माती लावलीस, आणि घरी सांगितलंस काही नाही झालं. मग तो पिकला. आई तुला मारायला धावलेली.”

मी पानांमागे हसत होते. किती वर्षांनी कोणी मला “गेलेलीस, आलेलीस” म्हणत होतं. बंगळूरहून मुलगी फोन करते ती घाईत असते, शेजारी बोलतात ते लिफ्ट येईपर्यंत. मंदाचा आवाज असाच पलीकडून येत राहावा आणि ओळ संपूच नये, असं मला वाटत होतं. बाग संकटात होती आणि मी सुखात होते. लाज वाटली, पण ते खरं आहे.

भुरी मला सापडली. चौथ्या ओळीत, आत बारा-पंधरा वेली सोडून, एका पानाच्या पाठीवर राखेची चिमूट सांडावी तशी. मंदाला हाक मारली. तिने भिंगातून पाहिलं, शेजारचे घड पाहिले, आणि लांब श्वास सोडला. घड स्वच्छ होते. संध्याकाळच्या आत सुनीताने तो सगळा कोपरा गंधक फवारून काढला. शेवटी मंदाने मी पुसलेल्या गुलाबांकडे बोट दाखवलं आणि त्यांच्यावरही एक हात फिरवायला सांगितलं.

रविवारीच, संध्याकाळी

चुलीशी बसलो तेव्हा मी विषय काढला. यापेक्षा वाईट वेळ निवडता आली नसती, पण सोमवारी मला निघायचं होतं. कपाट, पलंग, जवळच असलेले डॉक्टर, पायऱ्या नसलेली बाग, फिरायला मैत्रिणी. मैत्रिणींबद्दल मी थोडं वाढवून सांगितलं. मुद्देसूद मांडलं, एकामागून एक.

मंदा भाकरी थापत होती. थापून झाली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, तेव्हा बोलली.

“ताई, इथे मी एकटी नाही. सकाळी फेरीला निघते तेव्हा यांच्याशी बोलत जाते. कोणाला वेड वाटेल, वाटू दे. आठ दिवस बागेत गेले नाही तर मी आजारी पडेन.” मग भाकरी उलटून तिने विचारलं, “तुला तिथे करमतं का?”

“मला काय झालंय? मजेत आहे मी.”

“फोनवर पण रोज हेच म्हणतेस. भावजी गेले त्या महिन्यातसुद्धा मजेत होतीस. पोरीचं लग्न झालं, ती लांब गेली, तेव्हाही मजेत. मला इथे बसून काय कळायचं गं त्यातून?”

ती माझ्याकडे बघत होती. मी चुलीतलं लाकूड उगीच आत सारलं आणि भाकरी करपतेय म्हटलं. भाकरी करपत नव्हती.

“काढणीला ये,” ती म्हणाली. “पाहुणी म्हणून नको, राहायला ये. खालची खोली रिकामी आहे.”

“बघू,” मी म्हटलं.

सोमवार, डोंबिवली

निघताना मंदाने बाजरीचं पीठ, काळा मसाला आणि दत्तारावांचा आणखी एक स्वेटर पिशवीत कोंबला. मला डोंबिवलीत स्वेटर कशाला, असं म्हणायचं होतं, पण पिशवीचं तोंड बांधून घेतलं. फाट्यावर एसटी आली तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. कंडक्टर घंटी मारून मारून थकला.

घाट उतरला की हवा जड होते. कल्याणला उतरले तेव्हा अंगाला घाम होता. घराचं कुलूप काढलं, दिवा लावला, बाल्कनीत गेले. समोरच्यांनी बादल्यांना पाणी नीट घातलं होतं. दोन पानांवर पांढरं दिसलं. हात सवयीने पुढे गेला, मग मी तो मागे घेतला आणि ती पानं तशीच ठेवली.

याला आता तीन आठवडे झाले. मंदाची बाग बचावली आहे. ती रोज सकाळी फेरी मारताना मला फोन करते, कोपऱ्यातला गुलाब कसा आहे ते सांगते, मग विचारते, तू कशी आहेस. मी मजेत म्हणते. सांगायचं ठरवून फोन उचलते, आणि तोंडातून तेच येतं. हा लेख आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मागितला होता. तो छापून आला की एक प्रत दिंडोरीला पोस्टाने जाईल, आणि मंदा नेहमीप्रमाणे चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल. तेव्हा वाचकांची माफी मागून पुढची ओळ तिच्यासाठी.

मंदा, मला इथे करमत नाही गं.